दिवे लावले की चढणारा काटा

आमच्या घरी फियाट आली ती १९७९ च्या दिवाळीनंतर. गाडी होती १९६७ सालची, फियाट ११०० डिलाइट. मुंबईत आमच्या चुलत्यांच्या शेठची. शेठनं नवी घेतली आणि जुनी आमच्या आप्पांच्या गळ्यात घातली, असं आबा म्हणायचे. आप्पा म्हणायचे, गळ्यात नव्हे, पदरात. कराडहून पाटणकडं येणाऱ्या रस्त्यानं ती संध्याकाळच्या वेळी गावात शिरली, तेव्हा तिच्यामागं निम्मं गाव पळत होतं आणि सगळ्यात पुढं मी होतो. मी तेव्हा सात वर्षांचा.

त्याआधी आमच्या भागात चाकं बघितली होती ती कोयनेच्या धरणामुळं. १९५६ च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं आणि खोऱ्यात जीपा, डंपर, रोलर यायला लागले. कुंभार्ली घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्ता सुधारला. नांगर सोडून माणसं कामावर गेली. कुणी ड्रायव्हर झालं, कुणी फिटर झालं. आमच्या गावचे मिस्त्री तिथंच शिकले. शाळा चौथीपर्यंत, पण इंजिन उघडं दिसलं की त्यांचा चेहरा पोथी वाचायला बसल्यासारखा व्हायचा. धरण पुरं झालं, डिसेंबर ६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर हादरलं, त्यानंतर पुष्कळजण मुंबईला गेले. मिस्त्री गेले नाहीत. रस्त्याकडेला कुडाची टपरी घालून ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करत बसले.

या फियाटीचा इतिहास म्हटला तर तोही आपल्याच मातीतला. वालचंद हिराचंद सोलापूरचे. जन्म १८८२ चा. मोटार या देशात बनली पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. इंग्रज सरकारनं अडवणूक केली तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. आधी तिथं अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची. मग इटलीच्या फियाटशी नातं जमलं. वालचंद १९५३ मध्ये गेले, पण त्यांनी लावलेल्या झाडाची फळं पुढं पन्नास वर्षं रस्त्यावर फिरली. पहिली फियाट ११०० आली तिला मुंबईकर 'डुक्कर फियाट' म्हणत. गोल पाठ, फुगलेलं नाक आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे. १९६४ मध्ये आली ती डिलाइट. कोनेकोपरे असलेली, मागं जरा पंख काढलेली. इटलीत तिला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्याकडं मात्र १०८९ सीसीचंच राहिलं. तीच गाडी १९७२ मध्ये 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नाव बदललं, पण हाडं तीच. नव्या गाडीसाठी पैसे भरून माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, त्यामुळं बारा वर्षांची जुनी गाडीसुद्धा आमच्याकडं मिरवणुकीनं आली यात नवल नाही.

तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. ड्रायव्हर लोक त्याला 'हँड गिअर' म्हणत. खाली जमिनीवर दांडका नसल्यामुळं पुढची सीट अख्खी बाकड्यासारखी. पुढं तीन, मागं चार, मुलं मोजायची नाहीत. आबांनी गाडीची परीक्षा केली ती एवढ्याच गोष्टीवर, की कराडच्या बाजाराला किती माणसं बसतील.

पण हा हँड गिअर म्हणजे लांबचा कारभार. हातातला दांडा इथं आणि गिअरबॉक्स तिथं खाली. मध्ये सळया, लिव्हर आणि त्यांच्या सांध्यात बुश. एक सळई कुठल्या रांगेतला गिअर पाहिजे ते ठरवते, दुसरी तो घालते. बुश झिजले की दांडा ढिला होतो. हातानं गिअर पडल्यासारखा वाटतो आणि खाली तो अर्धाच बसलेला असतो. कधी तर दोन गिअरांच्या मध्येच अडकून बसायचं. मग आप्पा खाली उतरणार, बॉनेट उघडणार, आत हात घालून सळया हलवणार, आणि आम्ही मागं बसून हॉर्नची वाट बघणार. पाटणच्या चौकात एकदा हे झालं तेव्हा मागून एसटीचा ड्रायव्हर ओरडला, "अहो, गाय पान्हवताय का काय!" आप्पांना ते फार लागलं.

दुसरं दुखणं घड्याळांचं. आमच्याकडं डॅशबोर्डवरच्या सगळ्याच मीटरांना घड्याळं म्हणत. गाडी आली तेव्हा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर असायचा, टाकी भरली तरी आणि कोरडी पडली तरी. आप्पा बांबूची कामटी टाकीत घालून पेट्रोल मोजायचे. मिस्त्रींनी ते पहिल्याच महिन्यात काढलं. टाकीवरच्या युनिटची तार सोडली, काटा एका टोकाला गेला. तीच तार बॉडीला टेकवली, काटा दुसऱ्या टोकाला गेला. "घड्याळ शानं हाय, तार शानी हाय," मिस्त्री म्हणाले, "आत बसल्याला मानूस झोपलाय." टाकीतून युनिट काढलं तर आतला पितळी तरंगा मधेच अडकला होता, आणि त्याला भोक पडून आत पेट्रोल शिरलं होतं. त्यांनी तो कढत पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, आतलं पेट्रोल पार उडून जाईपर्यंत दोन दिवस तसाच ठेवला आणि मग कल्हई करणाऱ्याकडून डाग दिला. तेव्हापासून पेट्रोलचा काटा कधी चुकला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळं याच काट्याच्या खरेपणावर आलं.

१९८२ च्या उन्हाळ्यात तिसरा गिअर सुटायला लागला. चढाला जोर दिला की खाड्कन आवाज व्हायचा आणि दांडा मधे येऊन पडायचा. आप्पा एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं गिअर दाबून धरून चालवायचे. मिस्त्री म्हणाले, आधी सळया बघू. आप्पांचं मन मानेना. टपरीतल्या माणसानं ट्रॅक्टरचं बघावं, मोटारीचा गिअरबॉक्स म्हणजे शहराचं काम, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. शिवाय एसटीच्या ड्रायव्हरचं ते वाक्य. त्यांनी गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी सांगितलं, बॉक्स उतरवावा लागेल. उतरवला. बेअरिंगा बदलल्या, आतला गिअर बदलला, नव्वद नंबरचं तेल घातलं, आणि सिमेंटच्या पोत्यात जुने पार्ट बांधून आप्पांच्या हवाली केले. म्हणजे फसवलं नाही याचा पुरावा. बिल एवढं झालं की त्या वर्षीच्या उसाच्या पहिल्या हप्त्यातलं बरंचसं तिकडंच गेलं.

गाडी घरी आली. तिसरा गिअर महिनाभर बसला आणि मग पुन्हा अधूनमधून सुटायला लागला. पण त्याहून विचित्र गोष्टी सुरू झाल्या. स्टार्टर मारला की इंजिन रडत रडत फिरायचं. बॅटरी गेली म्हणून नवी आणली. चार दिवस बरं, परत तेच. आप्पा हँडल मारायला लागले. थंडीत चोक ओढून स्टार्टर मारला की चोकची वायर हाताला चटका द्यायची. मला वाटायचं इंजिन गरम असतं म्हणून वायरही गरम. सकाळी सहाला, थंडगार इंजिनाची वायर गरम कशी, हा प्रश्न मला पडला नाही आणि घरातल्या मोठ्यांनाही पडला नाही. स्पीडचा काटा थरथरायला लागला, मग पन्नासावर जाऊन तिथंच चिकटला. गाडी दावणीला उभी असली तरी घड्याळ पन्नास दाखवायचं. आबांना याची मोठी गंमत वाटायची. "उभ्या उभ्या पन्नासच्या स्पीडनं चाललीया बग," म्हणायचे.

आणि तापमानाचा काटा. दिवसा बरोबर. संध्याकाळ झाली, दिवे लावले, की तो सावकाश वर चढायचा. लाल खुणेच्या जवळ जाऊन बसायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा आप्पांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, रेडिएटरला फडकं लावून झाकण हळूच सैल केलं. आत पाणी कोमट. तरीही वरून एक तांब्या ओतला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. शहरातल्या गॅरेजवाल्यांनी इंजिनातला तापमानाचा बल्ब बदलला. फरक नाही. मग कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून चुलत्यांनी दुसरं घड्याळ पाठवलं. तेही दिवे लावले की चढायचं. आप्पा वैतागले. "दोन-दोन घड्याळं खोटी कशी बोलतील?" असं आईनं एकदा विचारलं होतं. ते वाक्य मला आठवतं, कारण घरात गाडीबद्दल तिनं काढलेला तो एकच शब्द असेल. आप्पांनी उत्तर दिलं नाही. हळूहळू ते रात्री त्या काट्याकडं बघायचेच बंद झाले. लांडगा आला रे आला ऐकून ऐकून गावानं कानात बोटं घालावीत तसं.

जानेवारी ८४ मध्ये धाकटी आत्या बाळंतपणाला आली होती. पहिलंच. दिवस अजून पंधरा तरी होते. एका रात्री जेवणं झाल्यावर तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिनं बघितलं आणि आजीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, कराडला हलवा. आप्पांनी हँडल मारलं. पुढच्या बाकावर आप्पा, मधे मी, कडेला कंदील घेऊन आबा. मागं आत्या, आजी आणि सुईण. मला का घेतलं ते आता सांगता येत नाही. हँडल मारायला आणि ढकलायला एक माणूस लागतं म्हणून असेल. मी तेव्हा साडेअकरा वर्षांचा होतो.

धुकं दाट होतं. पाटण ओलांडलं. दिव्यांचा उजेड पिवळा पडत चाललाय असं मला वाटलं, पण मी ते धुक्यावर घातलं. तापमानाचा काटा वर चढायला लागला. मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, काटा." आप्पा म्हणाले, "रोजचंच हाय त्याचं. गप बस." काटा लाल खुणेवर गेला, मग खुणेच्या पलीकडं गेला. पलीकडं तो याआधी कधी गेला नव्हता. ते मी बघितलं आणि बोललो नाही. एकदा गप बस म्हटल्यावर आमच्या घरात दुसऱ्यांदा बोलायची पद्धत नव्हती.

मल्हारपेठ यायच्या अलीकडं इंजिनातून टकटक आवाज सुरू झाला. ओढ कमी झाली. आप्पांनी गिअर खाली घातला, तर दांडा दोन गिअरांच्या मध्ये अडकला. आणि तेवढ्यात इंजिन असं थांबलं की जणू कुणी आतून हात धरला. बॉनेट उघडलं तेव्हा वाफेचा लोट अंगावर आला. कंदिलाच्या उजेडात दिसलं, पंख्याचा पट्टा नव्हता. तुटून कुठंतरी मागं रस्त्यावर पडला होता. फियाटीत त्या एकाच पट्ट्यावर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो, तिन्ही चालतात. डायनामो बंद पडला की सांगणारा लाल दिवा डॅशबोर्डवर होता, पण तो कधीचा उडालेला. त्याला कुणी फारसं किंमत दिली नव्हती.

मागं आत्या ओरडत होती. आजी देवाचं नाव घेत होती. आप्पा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. उसाचा हंगाम होता म्हणून आम्ही वाचलो. कारखान्याला ऊस टाकून रिकामा परत निघालेला एक ट्रक आला. ड्रायव्हर कोणत्या गावचा ते आम्ही विचारलंच नाही. त्यानं गाडी उलटी वळवली, आत्याला केबिनमध्ये घेतलं, आजी आणि सुईण तिच्याजवळ, आप्पा मागं हौद्यात पाचटावर. आबा आणि मी फियाटीजवळ राहिलो. आबांनी कंदील बारीक केला आणि पहाटेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "तू बगितलंस व्हय काटा?" मी म्हटलं, हो.

आत्याला मुलगी झाली. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासात. आत्याचं रक्त बरंच गेलं होतं, ती तिथं बारा दिवस होती. डॉक्टर म्हणाले की अजून एक तास झाला असता तर दोन्ही गेले असते. हे आप्पांना सांगितलं गेलं की त्यांनी स्वतः ऐकलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर तीनेक महिने ते आत्याच्या समोर बसून जेवले नाहीत. ताट घेऊन सोप्यात जायचे.

गाडी बैल जुंपून गावात आणली. आता शहराचं नाव आप्पांनी काढलं नाही. स्वतः मिस्त्रींच्या टपरीवर गेले. मिस्त्रींनी टोमणा मारला नाही, हे मी त्यांच्या मोठेपणातलं एक धरतो. त्यांनी हेड उतरवलं. ते वाकलं होतं, दोन पिस्टन धरले होते. हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन सपाट करून आणलं. सिलिंडर बोअर केले, नवे पिस्टन घातले. याला दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत शाळा सुटली की मी तिथंच असायचो. एके दिवशी त्यांनी मला आत बसवलं आणि सांगितलं, तिसऱ्यात टाक आणि धरून ठेव. स्वतः खाली झोपले. "टाकला का?" "टाकला." "पुरा?" "पुरा." खालून खट् असा आवाज आला. त्यांनी गिअरबॉक्सवरची लिव्हर हातानं अजून पुढं ढकलली होती. माझ्या हातात गिअर पुरा पडला होता, खाली तो बोटभर बाकी होता. मधल्या सांध्यातले बुश झिजून अंडाकार झालेले, त्यामुळं दांड्याची अर्धी चाल त्या भोकातच मुरत होती. अर्धवट बसलेला गिअर जोर आला की सुटणारच. "बाक्स उतरवायचं कायबी कारन नव्हतं आप्पा," ते सरपटत बाहेर येत म्हणाले. उद्यमनगरातून गनमेटलचे बुश लेथवर करून आणले, सळयांची लांबी आट्यांवर जुळवली. दोन दिवसांचं काम. तिसरा गिअर त्यानंतर गाडी विकेपर्यंत सुटला नाही.

मग इंजिन चालू करायचा दिवस आला. इंजिन हँडलवर लागलं, गोड चाललं. संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, जरा दिवे लावा बघू. आप्पांनी दिवे लावले. नवीन पिस्टन, नवीन पट्टा, भरलेलं पाणी, आणि तापमानाचा काटा सावकाश वर चढायला लागला. आप्पांचा चेहरा मी बघितला. ते दार उघडून खाली उतरले आणि टपरीच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

मिस्त्रींनी रेडिएटरला हात लावला. कोमट. दिवे बंद केले, काटा उतरला. लावले, चढला. मग बराच वेळ नुसते बसून राहिले, बिडीसुद्धा पेटवली नाही. मग मला म्हणाले, "प्येट्रोलचं घड्याळ बग. ते हलतंय का?" पेट्रोलचा काटा जागचा हलत नव्हता. "दोगंबी एकाच तारंवर जगत्यात. मग एक खोटं आनि एक खरं कसं?" मला काय कळणार. ते स्वतःशीच बोलत होते. "टाकी कशावर हाय? बॉडीवर. ह्यो तापमानाचा बल्ब कशावर हाय? इंजिनावर." आणि एकदम उठले. बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकाला एक जाड वायर धरली आणि तिचं दुसरं टोक इंजिनावर टेकवलं. ठिणगी उडाली. आत काटा झटकन खाली आला. उचललं, चढला. टेकवलं, उतरला. ते चार-पाच वेळा त्यांनी केलं. मला वाटतं, तेवढ्यापुरतं त्यांना आप्पांचंही भान नव्हतं.

गोष्ट अशी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी गट्ट्यांवर बसलेले असतात. रबरातून वीज जात नाही. म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी बांधलेली असते, अर्थिंगची. इंजिनाकडची सगळी वीज त्या पट्टीनं बॅटरीकडं येजा करते. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा ती पट्टी सोडली गेली आणि परत बांधली गेली नाही. मग विजेनं दुसऱ्या वाटा शोधल्या. चोकची वायर, स्पीडच्या घड्याळाची केबल, गिअरच्या सळया. स्टार्टर मारला की एवढा मोठा करंट त्या बारक्या वायरांतून जायचा, म्हणून इंजिन रडायचं, म्हणून चोकची वायर भाजायची. स्पीडच्या केबलीतलं ग्रीस तापून जळालं, म्हणून काटा पन्नासावर मेला. आणि रात्री दिवे लावले की डायनामोला जास्त वीज द्यावी लागायची. ती परत यायला वाट चिंचोळी, त्यामुळं इंजिन आणि बॉडी यांच्यात दाबाचा फरक पडायचा. तापमानाच्या घड्याळातून जरुरीपेक्षा जास्त वीज खेचली जायची आणि काटा वर. टाकी बॉडीवर, तिला या भानगडीशी घेणं नाही. कल्हईवाल्यानं डाग दिलेला तो तरंगा सरळ राहिला म्हणूनच दुसऱ्याची लबाडी सापडली.

आप्पा आत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग त्या रात्री?"

मिस्त्री थोडं थांबले. त्यांना सांगायचं नव्हतं, असं मला आजही वाटतं. "त्या रात्री पट्टा तुटला आप्पा. डायनामो बंद. मग काट्याला खोटं बोलायला कारनच न्हाय उरलं. त्या रात्री त्यो खरं सांगत हुता."

आप्पा पायरीवर बसले.

मिस्त्री मला सांगायला लागले की अशी अशी पट्टी असते, वीतभर लांब, वेणीसारखी विणलेली, दोन्ही टोकांना भोकं. कराडला मिळेल, सकाळी जाऊन आणू. मी उठलो आणि घरी पळालो. माळ्यावर माझी खेळण्यांची पेटी होती. त्यात ती होती. शहरातल्या गॅरेजनं सिमेंटच्या पोत्यात बांधून दिलेल्या जुन्या पार्टांत तीही आली होती. बेअरिंगा मी गोट्या काढायला फोडल्या होत्या, आणि ही पट्टी शिवाजी महाराज झालो की मी मनगटावर कड्यासारखी बांधायचो. दीड वर्षं ती आमच्या घरातच होती. मी ती आणून मिस्त्रींच्या हातावर ठेवली. मला मार बसेल असं वाटत होतं. आप्पांनी ती घेतली, उलटसुलट करून बघितली, बोटांनी तारांवरची काळपट चढलेली राख पुसली आणि मिस्त्रींना दिली. मिस्त्रींनी दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासली, बॉडीवरची रंगाची जागा लखलखीत होईपर्यंत खरवडली, मधे वॉशर घातला आणि कंदिलाच्या उजेडात ती बांधली. स्टार्टर मारल्याबरोबर इंजिन लागलं. गेल्या दीड वर्षांत त्या गाडीचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

शहरातल्या गॅरेजला जाब विचारायला चला, असं चुलते म्हणाले. आप्पा गेले नाहीत. तिथल्या पोरानं एक बोल्ट विसरला यात त्यांना नवल वाटलं नाही. पोरं विसरतात. डायनामोच्या लाल दिव्याचा रुपया-दीड रुपयांचा बल्ब आपण बदलला नाही, हे मात्र ते पुन्हा पुन्हा बोलायचे. तो बल्ब त्यांनी दुसऱ्याच दिवशी घातला आणि तसले आणखी सहा आणून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवले. आजी त्यांना रोज हळदकुंकू लावायची की काय अशी आम्ही थट्टा करायचो, आप्पा नसताना.

आत्याबरोबर ते परत जेवायला बसायला लागले ते मुलीच्या बारशानंतर. बारसं उशिरा केलं, आत्याला बरं वाटल्यावर. तेव्हा आत्याच म्हणाली, "दादा, मला सासरी फियाटीतनंच सोडायचं. एसटीनं मी जानार न्हाय." आप्पांनी सोडलं. दिवसाउजेडी. त्यानंतर त्यांनी रात्री गाडी चालवली नाही, फार तर आमच्या शिवारापर्यंत.

गाडी पुढं आणखी बारा वर्षं चालली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, त्याच्या आधीच सगळीकडं मारुती दिसायला लागल्या होत्या. तिला खाली फरशीवरचा गिअर. पुढं दोनच माणसं बसणार म्हणून आबांनी तिला अखेरपर्यंत मोटार मानली नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बरीच वर्षं टिकल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांतल्या शेवटच्या रस्त्यावरून उतरल्या. त्या दिवशी आत्याच्या मुलीचा मला फोन आला होता. ती मुंबईतच असते आणि स्वतः गाडी चालवते.

आमची डिलाइट १९९६ मध्ये कोल्हापूरच्या एका हौशी माणसानं नेली. जुन्या गाड्या जमवणारा होता, पैसे बरे दिले. कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला, किल्ली हातात दिली. तो निघणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, जरा थांबा. त्यांनी अंगणात पोतं अंथरलं आणि त्या इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला गाडीखाली झोपायला लावलं. स्वतः शेजारी झोपले. आम्हाला बाहेरून नुसते चार पाय दिसत होते. आतून आप्पांचा आवाज आला, "हात लावा. ह्ये बगा, हितं. घट्ट हाय का न्हाय, सोता बगून घ्या."